स्थळ बदललं आहे हो!

साहित्य संमेलनाच्या स्थळ समितीत एकदा तुमचं नाव गेलं ना, की किस्से शोधत फिरावं लागत नाही. वाळलेल्या गवतातून चाललं की सलवारीला कुसळं चिकटतात, तसे ते चिकटतात. घरी येऊन एकेक उपटत बसायचं. बरीचशी निघतात. एखादं आतच मोडून राहतं.

मी पक्की नागपूरची. पण दिलीपमामाचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, अगदी टोकाला. यवतमाळ, दिग्रस, पुसद करत करत एसटी जिथे दमते, तिथे पैनगंगा लागते. जुन्या काळी नदीच्या अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड आणि पलीकडे निजाम. त्यामुळे गावात दगडी घाट, दगडी जकात नाका, सगळं एकदम हेरिटेज! गेल्या हिवाळ्यात तिथे तीन दिवसांचं संमेलन भरलं आणि मामा झाला स्थळ समितीचा प्रमुख. त्याचा फोन आला, "मिनू, तुले कॉम्प्युटर येते, इंग्लिश येते, अन् रिकामी बी हायेस. ये."

गेले! आता परत आल्यापासून तुम्ही सगळे मागे लागलात, मजा काय झाली ते सांग म्हणून. सांगते ना. पण हसता हसता मध्येच एखादं कुसळ टोचलं, तर मला बोलायचं नाही.

* * *

पहिली मीटिंग. तीन स्थळं ठरली होती. घाटाखाली वाळूत मुख्य मंडप, जकात नाक्यात परिसंवाद, मंगल कार्यालयात कविसंमेलन. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहितीये, प्रत्येक मंचाला एखाद्या दिवंगत साहित्यिकाचं नाव द्यायचं. घाटाला मिळालं, नाक्याला मिळालं. मंगल कार्यालयावर गाडी अडली. "इथं तरी गावातलं नाव पायजे," असा सगळ्यांचा हट्ट.

मामा डोकं खाजवत म्हणाला, "गावात लेखक हायेत न, कोन नाही म्हनते? पन सारेच्या सारे जिवंत हायेत!"

 मग कोपऱ्यात मफलर गुंडाळून बसलेला एक माणूस खरखरीत आवाजात बोलला, "माह्यं लिहून ठेवा. फक्त थोडं थांबा लागन."

सगळे खो खो हसले. सगळ्यात मोठ्यानं मी. नवीन होते ना! मामा तेवढा हसला नाही. चहाचा कप खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसला.

तिसऱ्या स्थळाच्या बोर्डावर शेवटी "सभागृह क्रमांक तीन" एवढंच छापलं.

* * *

ते प्रल्हादभाऊ. गावाचा आवाज!

म्हणजे अक्षरशः. त्यांची एक ऑटो आहे, टपावर दोन भोंगे. नळ येणार नाही, बाजाराचा दिवस बदलला, कुणाची म्हैस हरवली, कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता, सगळं गावाला प्रल्हादभाऊच सांगणार. मरणाच्या बाबतीत तर डॉक्टरपेक्षा त्यांच्यावर विश्वास जास्त. घरात रडारड सुरू असली तरी शेजारी म्हणतात, "प्रल्हादची ऑटो फिरू दे, मंग पाहू."

गावातल्या एका म्हाताऱ्या वकिलांनी तर त्यांना घरी बोलावून घेतलं होतं. वकीलसाहेब आजारी, गादीवर पडून. म्हणाले, "प्रल्हाद, मी गेल्यावर तू काय म्हणशील, ते आत्ता म्हणून दाखव."

प्रल्हादभाऊंनी उभं राहून, दोन्ही हात जोडून सगळं म्हणून दाखवलं. वकीलसाहेब डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "छान. फक्त 'दुःखद'वर जरा घाई केलीस."

हा किस्सा मला स्वतः प्रल्हादभाऊंनीच सांगितला. "जयभीम मिनूबाई" म्हणत आमच्या ऑफिसात आले होते, ऑफिस म्हणजे मामाची ओसरी. किस्सा सांगताना तीनदा थांबले. दर वेळी मफलरवरून घसा दाबायचे. मी विचारलं, सर्दी झाली का?

"सर्दी कायची? कॅन्सर हाय. तंबाखूचा खर्रा खाल्ला न लय." नळ येणार नाही हे सांगतात ना, त्याच सुरात. "संमेलन झालं का नागपूरले भरती व्हाचं. डाक्टर म्हनते, घशातली आवाजाची पेटीच काढा लागते. जीव राहीन, आवाज नाही राह्यनार."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढून दाखवला, उघडला मात्र नाही. "जिंदगीभर माह्या तोंडून लोकायनं लोकायचंच आयकलं. कोन मेलं, कोनाची म्हैस गेली. माह्यं सोताचं एवढं एकच हाय. एक कविता. स्थानिक कवीत नाव लागलं माह्यं, पाच मिनिटं भेटली. एकदा मायकावर म्हनतो. मंग कापा म्हना काय कापाचं ते."

* * *

आता घाटाचं ऐका.

हिवाळ्यात पैनगंगेला पाणी किती? गुडघाभर. पात्रात मस्त पांढरी वाळू. तिथे मुख्य मंडप टाकायचा ठरला, एकदम इन्स्टाग्राम! मंडपवाले अस्लमभाई, जन्म गेला त्यांचा खांब रोवण्यात. ते वाळूत पाय रोवून उभे राहिले आणि म्हणाले, "दिलीपभाऊ, ये नदी का घर है. मालक कभी भी आता."

मामा म्हणाला, "अस्लम, हिवाळ्यात कोनता मालक येते बे!"

मालक पहाटे आला. वरच्या धरणातून गव्हासाठी पाणी सोडलं होतं. तसं ते दर वर्षीच सोडतात, सगळ्या गावाला माहीत असतं. फक्त यंदा गाव कवितेत होतं. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर मंडपाचे खांब पोटापर्यंत पाण्यात, आणि लाल खुर्च्या रांगेनं, शिस्तीत, पलीकडे मराठवाड्यात चालल्या होत्या!

तेवढ्यात मामाचा फोन वाजला. पलीकडच्या गावचे सरपंच. "खुर्च्या आल्या हो. अध्यक्ष कधी येताहेत?"

हसलो, खूप हसलो. मग लक्षात आलं, पाहुणे दोन तासांत येणार, उद्घाटन आता नाक्यात घ्यायचं, आणि हे गावाला सांगणार कोण?

प्रल्हादभाऊंची ऑटो निघालेली होती. "लक्ष द्या, स्थळ बदललं आहे हो! घाटावर जाऊ नका, नाक्यावर या!" प्रत्येक गल्लीत, प्रत्येक चौकात. मी गाडीवरून मागे गेले, ऑटो थांबवली. "भाऊ, डॉक्टरांनी आवाज जपायला सांगितलाय ना? मी रेकॉर्ड करून देते. मोबाइल लावून द्या भोंग्याला."

"मिनूबाई, तुमच्या आवाजावर कोनी घराबाहेर नाही निंघनार," ते म्हणाले. आणि खरंच सांगते, मी ट्राय केलं. एका गल्लीत माझं रेकॉर्डिंग लावलं. एक बाई दारात आली आणि म्हणाली, "काय इकून राह्यली गं?"

संध्याकाळी प्रल्हादभाऊ गरम पाण्याच्या गुळण्या करत ओसरीवर बसले होते.  खुणेनं विचारलं, उद्या किती वाजता?

* * *

उद्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मंगल कार्यालयात कविसंमेलन. स्थानिक कवी सगळ्यात आधी.

त्या दिवशी तिथे लग्न आहे हे आम्हाला माहीत होतं. नाही असं नाही! मुहूर्त अकराचा होता. पण मामाचा हिशेब पक्का. "अकराचा मुहूर्त म्हंजे तीनशिवाय लागत नाही. वरात नाचते, नवरदेव रुसते, फटाके फुटतात. तवरीक आपलं कविसंमेलन उरकून चहा होते." कार्यालयाच्या मालकालाही हे पटलं. नवरीच्या बापालासुद्धा पटलं! अख्ख्या वऱ्हाडात हे कुणाला पटलं नसतं?

नवरदेव निघाला पुण्याचा. साडेदहाला वरात दारात. वेळेवर! लोक इतके हादरले की नवरीच्या मामानं विचारलं, "काही वाईट झालं काय?"

मग काय विचारता. स्टेजवर कवी बसलेले, दारात घोडा. नवरीकडच्यांना वाटलं, हे स्टेजवरचे झब्बेवाले लोक म्हणजे पुण्याचे पुढे आलेले पाहुणे. धावत येऊन त्यांनी संमेलनाच्या अध्यक्षांपासून सुरुवात करून सगळ्यांना कुंकू लावलं आणि टॉवेल-टोपी दिली. अध्यक्ष मोठे समीक्षक. टोपी घालून हळूच मला विचारतात, "इकडे सत्काराची ही पद्धत आहे का?" मी म्हटलं, हो सर. दिवसभर उतरवली नाही त्यांनी!

आता मधली गोष्ट. प्रल्हादभाऊ माइकपाशी उभे होते. नवा शर्ट, इस्त्रीचा. कागद उघडलेला. सूत्रसंचालकानं नावही घेतलं होतं. तेवढ्यात नवरीचा बाप घामाघूम होऊन स्टेजवर चढला, त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "प्रल्हादभाऊ, देवासारखे भेटले. आपल्याकडचे लोक अजून घरी अंघोळा करून राह्यले! मुहूर्त टळते. बलावा त्यायले."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं. त्यांच्या बायको, शोभाताई, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या नको नको म्हणून मान हलवत होत्या. प्रल्हादभाऊंनी कागदाची घडी घातली आणि माइक हातात घेतला; भोंगे कार्यालयाच्या छतावर लावलेलेच होते. "लक्ष द्या हो! मुहूर्त अकराचाच आहे, अकराचाच..."

लोक धावत आले. लग्न लागलं. कवींना जेवण मिळालं, बुंदी आणि वांग्याची भाजी.

प्रल्हादभाऊंना मात्र गिळताना त्रास होत होता. ताट तसंच राहिलं.

* * *

मामानं शब्द दिला, दुपारी नाक्यात. परिसंवाद संपला की लगेच स्थानिक कवी, प्रल्हादभाऊ तिसरे. नाका एकदम सेफ. ना पाणी, ना वरात. दगडी कमानी, एवढा सुंदर घुमणारा आवाज की प्रल्हादभाऊंना आता माइकचीसुद्धा गरज नव्हती. ते मला खूण करून म्हणाले, इथं जमते.

कमानीला वर आग्या मोहोळ होतं. मोठं, टोपलीएवढं. गावाला त्याचं काहीच वाटत नाही, पिढ्यानपिढ्या आहे. कुणी तिथे विडीसुद्धा ओढत नाही, एवढं पाळतात. पण परिसंवादाच्या वक्त्यांना ते कोण सांगणार? त्यांना वाटलं, ऐतिहासिक वास्तू, जरा वातावरण हवं. मोठ्या धुपाटण्यात त्यांनी ऊद घालून घेतला.

दुसरा कवी उभा असताना मोहोळ उठलं.

पळापळ बघायला हवी होती! खुर्च्या आडव्या, चपला एकीकडे, माणसं एकीकडे. आदल्या दिवशी मानवी मूल्यांवर बोललेले एक प्राध्यापक शाल डोक्यावर घेऊन सगळ्यात पुढे. आणि तो दुसरा कवी, गझल म्हणणारा, त्यानं काय करावं? खाली बसला, संमेलनाचं फ्लेक्स अंगावर ओढून घेतलं आणि आतून म्हणत राहिला! अस्लमभाई बाहेरून ओरडतायत, "अरे भाई, बस कर!" तर फ्लेक्सच्या आतून आवाज, "शेवटचा शेर राहिलाय!"

प्रल्हादभाऊ कमानीखालीच उभे. हलायला तयार नाहीत. शोभाताईंनी पदर त्यांच्या तोंडावर टाकला आणि ओढत बाहेर आणलं. "गळ्याले एखादी चावली मंग? सूज आली त डाक्टर हात नाही लावनार. आपरेशन पुढं गेलं त काय करू मी?"

ते काहीतरी पुटपुटले.

"घरी म्हना न कविता," शोभाताई म्हणाल्या. "मी आयकतो."

"तू त माह्यं सारंच आयकत आली," ते म्हणाले. "आता दुसऱ्या कोनाले त्रास देऊ दे न."

शोभाताई हसल्या आणि तशाच तोंड फिरवून रडल्या. मी चप्पल शोधायच्या निमित्तानं तिथून निघाले.

* * *

शेवटचा दिवस. घाटावर पाणी, नाक्यात माश्या, म्हणून शाळेचा हॉल. समारोप.

समारोपात काय असतं? सत्कार, भाषणं, ठराव. सत्कारात शाली संपल्या. भाषणांत वेळ संपला. प्रल्हादभाऊ स्टेजच्या पायरीपाशी कागद घेऊन उभे. त्यांचा आवाज आता एवढाच उरला होता, जेवढा आपण लायब्ररीत बोलताना वापरतो. मामा तीनदा स्टेजवर जाऊन आला. "साहेब, पाच मिनिटं. गावचा मानूस हाय." दर वेळी उत्तर एकच, "ठराव झाले की लगेच."

ठराव वाचले. त्यातला एक होता, "बोलीभाषा जपल्या पाहिजेत, त्यांना व्यासपीठ मिळालं पाहिजे." एकमतानं मंजूर! टाळ्या. प्रल्हादभाऊंनीही पायरीवरून टाळ्या वाजवल्या. कागद काखेत धरून.

मग अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. मामानं खूण केली, जा! मी तर उडीच मारली जागेवरून. प्रल्हादभाऊ पायऱ्या चढले. माइकपाशी आले. उंची सारखी केली.

आणि हॉल उभा राहिला. सगळा. एका झटक्यात.

मला कळेचना! वाटलं, किती मान देतायत! मग स्पीकरमधून राष्ट्रगीत सुरू झालं.

झालं असं की, या गावात कुठलाही कार्यक्रम असो, शेवटी माइकवर येतात ते प्रल्हादभाऊच. "सर्वांनी राष्ट्रगीतासाठी उभं राहावं" हे एक वाक्य म्हणायला. ते चढले म्हणजे कार्यक्रम संपला. पोराटोरांना माहीत. साउंडवर अस्लमभाई होते. प्रल्हादभाऊंना माइकपाशी बघितलं आणि बोट आपोआप बटणावर गेलं. कुणीच काही मुद्दाम केलं नव्हतं. प्रत्येकाचं शरीर आपलं आपण उभं राहिलं होतं.

प्रल्हादभाऊ सावधानमध्ये उभे होते. कागद मांडीला चिकटलेला. राष्ट्रगीत संपलं आणि लोक दाराकडे वळले. बाहेर मसालेभाताचा वास येत होता. अध्यक्ष टॉवेल-टोपीची पिशवी घेऊन गाडीत बसले.

अस्लमभाई स्टेजवर धावत आले, कपाळ बडवत. "प्रल्हाद, कसम से, मेरे को लगा..."

प्रल्हादभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे बे. सारं गाव उभं राह्यलं न माह्यासाठी? कोन्या कवीसाठी राह्यते?"

मामा रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या गोळा करत राहिला. अस्लमभाईंची माणसं होती त्या कामाला, तरीही. मी म्हटलं, मामा, आपण आहोत की अजून, आपल्याला ऐकवतील ते. मामा म्हणाला, "मिनू, तो भरल्या गावाले सांगत आला. आपल्या दोघाले काय सांगन?"

* * *

नागपूरला ते भरती झाले, तेव्हा मी भेटायला गेले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. दुपारची भेटायची वेळ. घशाचा वॉर्ड. तुम्ही कधी गेलायत का अशा वॉर्डात? मी नव्हते गेले. दोन्ही बाजूंना खाटा, आणि आवाज नाही. म्हणजे सगळे जागे, सगळे बसलेले, नातेवाईक बोलतायत, पण पेशंट एकही बोलत नाही. सगळ्यांच्या गळ्याला भोक, त्यात नळी. उशाशी एकेक पाटी, लहान मुलांची असते तशी. पाणी हवं तर पाटीवर लिहायचं. बायकोवर चिडायचं तरी पाटीवर.

प्रल्हादभाऊंची खाट दारापाशी. शोभाताई मोसंबी सोलत होत्या. मला वाटलं होतं, मी काहीतरी धीराचं बोलेन.  मोसंबीच्या बिया काढत बसले.

मग ते स्वतःच उठले. कुणी म्हटलं नव्हतं. खाटेला धरून उभे राहिले, खिशातून कागद काढला. शोभाताईंनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरनं इंजेक्शनचा ट्रे खाली ठेवला आणि हाताची घडी घातली. म्हणजे चालेल.

त्यांनी सुरू केलं. आवाज कसला, नुसता वारा.

"आयका हो आयका,
आज कोनी मेलं नाही.
नळ बंद नाही, बजार बंद नाही,
म्हैस बी कोनाची हरपली नाही.
सांगाले काहीच नाही,
म्हनून आज मी आलो..."

अशी मोठी होती कविता, पुढे त्यांच्या आईचं होतं, ऑटोचं होतं, पावसात ओल्या झालेल्या भोंग्याचं होतं. कागद संपला. त्यांनी वर बघितलं.

वॉर्ड तसाच. सगळे त्यांच्याकडे बघतायत. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण माझे हात मोसंबीनं भरलेले.

अगदी शेवटच्या खाटेवर एक म्हातारे बाबा होते. एका हाताला सलाईन. दुसऱ्या हातानं त्यांनी पाटी मांडीवर ओढली. बराच वेळ लिहीत राहिले, मध्ये एकदा पुसलं, परत लिहिलं. मग पाटी उंच धरली.

"मांगं आयकू येऊन नाही राह्यलं."

प्रल्हादभाऊंनी पाटी वाचली. चष्मा शर्टाला पुसला. पायात चपला सरकवल्या, खाटांच्या दोन्ही रांगांमधून चालत वॉर्डाच्या मधोमध जाऊन उभे राहिले, आणि पहिल्यापासून सुरू केलं.